‘नागपुरात पाहण्यासारखं काय आहे?’ – पाहुण्यांना दोन दिवस बगीचे आणि तलाव फिरवले त्याबद्दल

रश्मी_धरमपेठ
मागच्या आठवड्यात माझी मामेबहीण ठाण्याहून आली, सोबत जावई आणि दोन पोरं, मुलगी तेराची अन् धाकटा नऊचा. तसे ते ताडोब्यालाच आले होते, सफारी बुक होती, पण विमानाच्या वेळा अशा की जायच्या आधीचा एक दिवस आणि आल्यानंतरचा एक दिवस आमच्याकडे. फोनवर तिनं सहज विचारलं की ताई, नागपुरात पोरांना दाखवण्यासारखं काय आहे गं, आणि मी पण पटकन बोलून गेले की अगं काही नाही, एप्रिलचं ऊन आहे, कूलरसमोर बसू, संत्रा बर्फी खाऊ, गप्पा मारू. फोन ठेवला आणि मला इतकं वाईट वाटलं नं. जन्म इथला, शाळा-कॉलेज इथलं, लग्न करून पण दोन किलोमीटरवरच आले, आणि माझ्या गावाबद्दल कोणी विचारलं तर माझ्या तोंडून पहिला शब्द "काही नाही" निघाला.

रात्री झोपच नाही आली. उठून कागदावर लिहीत बसले की लहानपणी बाबा आम्हाला सायकलवर कुठे कुठे न्यायचे. महाराजबाग, अंबाझरी, तेलंगखेडीचा बगीचा, सेमिनरी हिल्स, गांधीसागर. लिहिता लिहिता लक्षात आलं की यातल्या निम्म्या ठिकाणी मी स्वतः दहा-बारा वर्षांत गेलेली नाही, रोज गाडीवरून बाजूनं जाते फक्त.

मग ठरवलं की दहाच्या आत घरी वापस यायचं आणि त्याआधी जेवढं होईल तेवढं पाहायचं. पहिल्या दिवशी सकाळी सहाला सेमिनरी हिल्स. खाली शहरात रात्रभर सिमेंट तापलेलं असते पण वर पोचलो तर चक्क गार वारा, पोरांनी खिडक्या उघडायला लावल्या. मी त्यांना सांगितलं की सेंट चार्ल्स सेमिनरी आहे म्हणून या टेकडीला सेमिनरी हिल्स म्हणतात, इथेच जपानी गार्डन, इथेच बालोद्यान, आमच्या लहानपणी तिथे वनबाला नावाची छोटी आगगाडी होती आणि त्यात बसायला आम्ही आठ दिवस आधीपासून बाबांच्या मागे लागायचो. भाची म्हणाली मावशी तू लहान होतीस तेव्हापण हे एवढं जंगल होतं का? तर म्हटलं हो, शहराच्या मधोमध आहे हे. आणि सांगताना छाती भरून आली खरंच.

तिथेच धाकट्यानं मला गाठलं. रस्त्याच्या कडेला एका मोठ्या झाडाखाली फिक्कट पिवळी, गुबगुबीत, द्राक्षासारखी फुलं पडलेली, नुसता सडा, आणि वास असा गोड की डोक्यात जाईल. मावशी हे काय आहे? मला नाही सांगता आलं. त्यानं मूठभर उचलून पाण्याच्या बाटलीच्या झाकणात ठेवली आणि दिवसभर ते झाकण हातात घेऊन फिरला. फोटो काढला आहे पण इथे टाकता येत नाहीये, साईज मोठी दाखवते. कोणाला वर्णनावरून ओळखता येईल का?

मग महाराजबाग. वडापिंपळांची ती जुनी झाडं, भोसल्यांची बाग होती ही, नंतर इंग्रजांच्या काळात १८९४ मध्ये तिथे प्राणिसंग्रहालय झालं, आता कृषी महाविद्यालयाकडे आहे. जावई शेतकी शिकलेले आहेत, त्यांना प्राण्यांपेक्षा झाडांमध्येच जास्त मजा आली, ते प्रत्येक बुंध्याला हात लावून पाहत होते.

संध्याकाळी सव्वासहा वाजता अंबाझरी तलावाच्या पाळीवर. सूर्य पाण्यात उतरताना माझी बहीण एकदम गप्प झाली. मग म्हणाली, ताई, तू म्हणत होतीस काही नाही, आणि तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर हे आहे?

दिवाळीत परत येतो म्हणाले आहेत, या वेळी तीन दिवस फक्त नागपूरसाठी. तर मला मदत करा. काय काय राहिलं आणि ते फूल कोणतं?

टेकडी_रोड
मोह आहे तो! शंभर टक्के मोह. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात, म्हणून सकाळी सहाला गेलात तर सडा दिसला, नऊला गेल्या असत्या तर गाईनं नाहीतर कोण्या वेचणाऱ्या बाईनं साफ केलेला असता. नागपूरची माणसं मोहाचं नाव ऐकलं की दारूच डोक्यात आणतात आणि झाड समोर असून ओळखत नाहीत याचं मला फार वाईट वाटते. पूर्व विदर्भात हे झाड घरच्या माणसासारखं आहे, फूल वाळवून वर्षभर ठेवतात, फळाच्या बीला टोळ म्हणतात अन् त्याचं तेल काढतात, त्याची लाकडं तोडायला जुनी माणसं तयार होत नाहीत. तुमच्या भाच्यानं बरोबर गोष्ट उचलली.

विदर्भकन्या
हौ, मोहच. माझी आजी गोंदियाकडची, वाळलेली मोहफुलं भाजून तीळ टाकून कुटायची, त्याचे लाडू, थंडीत एक लाडू खाल्ला की दुपारपर्यंत भूक लागत नाही. रश्मीताई तुमचं पहिलं वाक्य वाचून मला गलबलून आलं कारण मी पण हेच करते, ऑफिसात पुण्या-बंगलोरचे लोक मीटिंगला आले की आपणच आधी म्हणतो सॉरी हं, आमचं गाव फार गरम आहे. कायले सॉरी म्हणतो आपण?

अजय_मनीषनगर
मला थोडं वेगळं सांगायचं आहे, राग मानू नका. गावाचा अभिमान मलाही आहे, पण मी मागच्या महिन्यात आईला घेऊन आमच्याकडच्या एका बगीच्यात गेलो तर बाकड्याची फळी तुटलेली, नळाला पाणी नाही, वॉकिंग ट्रॅकच्या कडेला प्लास्टिकच्या पत्रावळ्या, आणि आई म्हणाली चल घरी. आई पासष्टची आहे, गुडघे दुखतात, तिला बसायला एक धड जागा पाहिजे एवढंच. पाहुण्यांना आपण चांगली सकाळ दाखवतो पण रोज जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला काय मिळते हे पण लिहायला हवं. गावावर प्रेम आहे म्हणूनच लिहून राहिलो.

रश्मी_धरमपेठ
@अजय_मनीषनगर राग कशाचा, खरं आहे तुमचं. आम्हाला पण एका ठिकाणी पोरांना झोक्यावर बसू देता आलं नाही, साखळी एका बाजूनं सुटलेली होती. मी एक सांगू का, मी दहा वर्षं गेलेच नाही म्हणून मला माहीतच नव्हतं की साखळी तुटली आहे. जाणारी माणसं कमी झाली की तक्रार करणारी पण कमी होतात. आता मी वॉर्डाच्या ऑफिसला फोटोसकट अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, पंधरा दिवसांनी परत जाणार आहे.

@टेकडी_रोड @विदर्भकन्या मोह! मी चाळीस वर्षं विदर्भात राहून मोहाचं फूल हातात घेतलं नव्हतं. धाकट्याला लगेच व्हॉट्सअॅप करते.

महालचा_वाडा
गांधीसागर पाहिला का? तुमच्या यादीत आहे पण नेलं की नाही ते लिहिलं नाही. आमचं सगळं आयुष्य त्या काठावर गेलं म्हणून विचारतो. पोरांना तिथे नेऊन गाव कसं वसलं ते सांगा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, त्यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा छोटी खेडी जोडून हे शहर वसवलं. त्याच्यामागून चांद सुलतान आला, त्यानं गावाला तट बांधला आणि हा तलाव केला, तेव्हा जुम्मा तलाव म्हणत, आमचे आजोबा शेवटपर्यंत शुक्रवारी तलावच म्हणायचे. भोसले त्याच्यानंतर आले. बाहेरचा माणूस नागपूर म्हटलं की एकदम भोसले किंवा एकदम संत्री, मधलं गोंडांचं नाव कोणी घेत नाही आणि आपणही घेत नाही, हे मला फार लागते. शहराचा पाया त्यांनी घातला आहे.

तलावाच्या मध्ये बेटावर बगीचा आहे, महादेवाचं देऊळ आहे. आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या रात्री घरात झोपणं शक्यच नव्हतं, गच्चीवर पाणी मारून अंथरूण टाकायचं, पण त्याच्याआधी नऊ-साडेनऊपर्यंत सगळा मोहल्ला तलावाच्या काठावर, बायका एका बाजूला पापडाच्या गोष्टी, म्हातारे एका बाजूला, आम्ही पोरं कठड्यावर. पाण्यावरून जो वारा यायचा तो एसीला येत नाही. दिवाळीत आणा पोरांना, मी स्वतः येतो दाखवायला.

पक्षीमित्र_नागपूर
दिवाळीत येणार असतील तर थोडं पुढे ढकलून डिसेंबरात बोलवा. हिवाळ्यात गोरेवाडा आणि अंबाझरीच्या मागच्या बाजूला हजारो मैलांवरून बदकं येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस म्हणजे पट्टकादंब, तो हिमालय ओलांडून येतो, आणि आपण पाळीवर भुट्टा खात उभे असतो तिथून तो दिसू शकतो. सकाळी साडेसहा-सातला दुर्बीण घेऊन जा, ऊन पाठीमागे राहील अशा बाजूला उभे राहा.

अंबाझरीचं जैवविविधता उद्यान वेगळं बरं का, बगीचा वेगळा. उद्यान वनविभागाचं आहे, मोठं माळरान आहे, गवत कमरेएवढं, मोर असतात, नीलगाय दिसते. लोक म्हणतात तिथे नुसतं गवत आहे. गवतच तर पाहायचं आहे! माळरानावर जे पक्षी राहतात ते झाडाच्या बगीच्यात येत नाहीत, आणि आपण मोकळी जमीन दिसली की पहिले तिथे झाडं लावतो नाहीतर लॉन करतो.

आणि आत्ताच्या दिवसात पोरांना पिंपळाखाली किंवा वडाखाली उभं करा, फळं पिकली असली की वर हरियाल बसलेले असतात, पिवळे पाय, अंग पानासारखं हिरवं, दहा-दहा मिनिटं दिसत नाहीत अन् एक हलला की पन्नास दिसायला लागतात. आपला राज्यपक्षी आहे तो.

अनु_झिंगाबाईटाकळी
झिरो माइलच्या दगडाकडे नेलं असेलच. माझ्या पोराला मी तिथे उभं करून सांगितलं की तू आत्ता भारताच्या अगदी मधोमध उभा आहेस, त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

नकाशावाला
@अनु_झिंगाबाईटाकळी ताई, पोराला थोडं आणखी सांगा, ते जास्त मजेदार आहे. तो दगड इंग्रजांच्या काळात मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामासाठी बसवला, १९०७ साली. तिथून अंतरं मोजली गेली, आणि त्या खांबाचा खरा उपयोग उंची मोजायला होता, समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट असं त्यावर कोरलेलं आहे. आता देशाच्या नकाशाचा भौमितिक मध्य काढला तर तो थोडा दुसरीकडे येईल, फाळणीनंतर नकाशाच बदलला. पण म्हणून आपल्या दगडाचं मोल कमी होत नाही. एवढ्या मोठ्या देशाची उंची-खोली मोजताना माणसं आपल्या गावात येऊन थांबली आणि फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत आकडा कोरून गेली. नववीतल्या पोराला हे सांगा, तो गणिताच्या पुस्तकाकडे वेगळ्या नजरेनं पाहील. बाजूचे चार घोडे तर सगळ्यांना आवडतातच.

अनु_झिंगाबाईटाकळी
हे मला माहीत नव्हतं, थँक्यू. या रविवारी परत नेते त्याला आणि तो आकडा त्याला स्वतः वाचायला लावते.

डागा_लेआउट
सगळे अंबाझरीबद्दल इतकं छान लिहून राहिले आणि मी तीन वेळा टाईप करून पुसलं. आता लिहितोच. २०२३ च्या सप्टेंबरात, २२ च्या रात्री ते २३ च्या पहाटे, शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस काही तासांत पडला, तलाव ओसंडला आणि पाणी आमच्या वस्तीत शिरलं. आम्ही तळमजल्यावर होतो. बाबांना पलंगावरून उचलून जिन्यावर बसवलं तेव्हा पाणी माझ्या छातीला होतं. फ्रिज तरंगत होता, आईच्या लग्नातल्या साड्या, माझ्या पोरीच्या वह्या, सगळं चिखलात गेलं. त्याच्यानंतर जवळपास वर्षभर मी त्या पाळीकडे पाहिलं नाही, ऑफिसला जाताना लांबचा रस्ता घ्यायचो.

पण एक सांगतो. मागच्या पावसाळ्याआधी पोरगीच म्हणाली बाबा चला नं तलावावर, मला पाहायचं आहे की पाणी किती आहे. गेलो. ती कठड्याशी उभी राहून म्हणाली हे तर शांत आहे. मी तिला दाखवलं की नाग नदी या तलावातून वाहते, हिच्याच नावावरून नागपूर, पुढे शहरातून जाते आणि शेवटी कन्हानला मिळते, आणि पाण्याला जायला वाट ठेवली नाही की ते घरातून वाट काढते. आता आम्ही पावसाळ्यात दर रविवारी पातळी पाहायला जातो, तिनं वहीत तारखा लिहिल्या आहेत. रश्मीताई, पाहुण्यांना सूर्यास्त दाखवा, जरूर दाखवा, आणि ही पण गोष्ट सांगा. दीडशे वर्षांच्या या तलावानं आपल्याला पाणी दिलं, त्याचं ओझं पण आपणच पाहिलं पाहिजे.

रश्मी_धरमपेठ
@डागा_लेआउट दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. त्या रात्री आमच्याकडे लाईट नव्हती एवढंच, आणि सकाळी टीव्हीवर पाहिलं. दिवाळीत पोरं आली की त्यांना तुमच्या मुलीची ती वही दाखवायला आणू का? तुम्हाला चालत असेल तरच.

डागा_लेआउट
या नं, नक्की या. तिला फार आवडेल.

प्रफुल_डॅलस
मी एकवीस वर्षं झाली बाहेर आहे. इथे घराशेजारी एवढा मोठा पार्क आहे, हिरवळ गालिच्यासारखी, सगळं स्वच्छ, आणि मला अजून स्वप्नात धरमपेठचा ट्रॅफिक पार्कच येतो. छोटे छोटे सिग्नल, छोटे रस्ते, मामानं मला तिथे सायकल शिकवली आणि लाल लाईटला थांबलो नाही म्हणून कान पिळला. मागच्या डिसेंबरात मुलांना घेऊन आलो होतो, सोनं-चांदी दाखवल्यासारखं एकेक ठिकाण दाखवत होतो आणि ती मोबाईलमध्ये. मन खट्टू झालं. पण १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतात हे ऐकल्यावर मोठा एकदम म्हणाला की म्हणजे वर्षातून ठरावीक दिवशीच? मग आपण २६ पर्यंत थांबू. तिकिटं बदलली आम्ही, जास्तीचे पैसे गेले, पण त्या टेकडीवरून त्याला सगळं शहर दाखवलं आणि १८१७ च्या लढाईची गोष्ट सांगितली, ती त्यानं मोबाईल खिशात ठेवून ऐकली.

मनीषा_आताच_नागपूर
मी मूळ नाशिकची, बदलीनं तीन वर्षं झाली इथे आहे, आणि खरं सांगते हा धागा वाचेपर्यंत ऑफिस, मॉल आणि घर एवढंच नागपूर मला माहीत होतं. सासूबाई आल्या आहेत, व्हीलचेअर आहे, त्यांना कुठे नेऊ जिथे फार चढउतार नाही? आणि किती वाजता?

विदर्भकन्या
@मनीषा_आताच_नागपूर फुटाळा तलावावर न्या संध्याकाळी, साडेसहानंतर, काठावरचा रस्ता सपाट आहे, खुर्ची पाण्याच्या अगदी जवळ जाते आणि समोर सगळी झाडीच दिसते. शनिवार-रविवार सोडून जा, तेव्हा फार गर्दी असते. सकाळी न्यायचं असेल तर साडेसहा ते आठ, त्याच्यानंतर म्हाताऱ्या माणसाला ऊन सोसत नाही. ताकाची बाटली अन् ओला पंचा सोबत ठेवा. दीक्षाभूमीला पण न्या, स्तूपाच्या आत इतकं शांत आणि गार वाटते, आणि आवारातल्या बोधिवृक्षाखाली बसवा थोडा वेळ. माझी आई तिथे गेली की उठायलाच तयार नसते.

अजय_मनीषनगर
अपडेट. रश्मीताईंचं वाचून मी पण अर्ज दिला. बाकडं अजून झालेलं नाही, पण सकाळी चालायला येणारे आम्ही सहा जण आता एकमेकांना नावानं ओळखतो, आणि एकानं घरची प्लास्टिकची खुर्ची आणून चौकीदाराकडे ठेवली आहे, आईसाठी. ती आता स्वतःहून पाच वाजता उठून तयार असते.

रश्मी_धरमपेठ
किती छान वाटलं हे वाचून. मला पण एक सांगायचं आहे, कालच घडलं.

भाच्याला मी मोहाचं नाव कळवलं होतं. त्यानं ती फुलं फेकली नव्हती, डबीत घालून विमानातून ठाण्याला नेली, वाळून तपकिरी झाली होती. माझी मामी, म्हणजे त्याची आजी, भंडाऱ्याकडची आहे, लग्न होऊन ठाण्याला गेली त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. मामा गेल्यापासून फार बोलत नाही, खाली उतरत नाही, खोलीतच असते. यानं तिच्यासमोर डबी उघडून विचारलं, आजी ओळख. बहीण सांगत होती की मामीनं डबी नाकाजवळ नेली आणि एकदम भंडाऱ्याच्या बोलीत सुरू झाली, घरात कोणी तिला तसं बोलताना ऐकलंच नव्हतं. पहाटे चार वाजता आईसोबत टोपली घेऊन कसे जायचे, झाडाखाली आधी पालापाचोळा झाडून जागा साफ करायची, अस्वल आलं असेल म्हणून पुढे एक जण डबा वाजवत जायचा, मोहाच्या रसात शिजवलेल्या गोड भाकरी. दीड तास बोलली. पोरांनी फोनवर रेकॉर्ड केलं आहे.

आता तिचं एकच, पुढच्या एप्रिलात मला नागपूरला न्या. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे, चढ जमत नाही, जास्त उभं राहता येत नाही. @टेकडी_रोड दादा, त्या झाडापर्यंत गाडी जाईल का? आणि फुलं साधारण कोणत्या आठवड्यात सगळ्यात जास्त पडतात?

टेकडी_रोड
गाडी झाडापासून वीस पावलांवर थांबते. साधारण मार्चच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, पण थंडी किती राहिली त्यावर मागेपुढे होते, म्हणून तिकीट आत्ता काढू नका. मी मार्चपासून रोज सकाळी तिकडूनच जातो, पहिली फुलं पडली की इथे लिहितो. मामींना सहाच्या आत आणा, आणि टोपली आणायला सांगा, पिशवीत फुलं दबतात. बसायला खुर्ची मी आणतो.